मुद्देमालातली गुढी

माझ्या वहिनीने डूख धरला की धरला. लग्न होऊन ती हैदराबादला आली तेव्हा आमच्या मावशीने तिच्या पुरणपोळीला नाव ठेवलं होतं. "कंधारकडे पोळी अशीच चिवट करतात वाटतं?" एवढंच म्हणाली बिचारी. पुढे कैक वर्षांनी मावशी गेली. वहिनी तेराव्याला हजर. पदर खोचून सगळी पंगत वाढली, आणि स्वतःच्या पानात पोळी पडायला लागली तसा हात आडवा धरला. "मला नको, मावशींना चिवट वाटायची." तेराव्याला हो! मी तोंडात पदर कोंबून हसले आणि दादाने माझ्याकडे डोळे वटारले.

म्हणून त्या सब-इन्स्पेक्टर विजयने आमच्या दादाचा गळा आवळला, तेव्हा त्याने कुणाशी वैर घेतलंय हे मला तिथल्या तिथे कळलं होतं. त्यालाच कळायला वेळ लागला, बिचाऱ्याला. बिचारा कसला, मेला!

वहिनीचं नाव तारामती कंधारकर. उंची विचाराल तर माझ्या खांद्याला लागेल. सुलतान बाजारच्या एका गल्लीत मुलींची मराठी शाळा होती, तिथे ती पीटी शिकवायची. तारनाक्याहून बस धरून जायची, गळ्यात शिट्टी. ती शिट्टी रविवारीसुद्धा गळ्यातच. भाजीवाल्याकडे बायका घोळका करून उभ्या राहिल्या की ही शिट्टी वाजवून त्यांची रांग करायची, आणि गंमत म्हणजे त्या करायच्या! लेझीम, डंबेल्स, लाठी, सगळं शिकवलं तिने. पुढे मराठी शिकायला मुलीच येईनात. आमचेच भाचे-पुतणे पाटी वाचताना "काकी, ये क्या लिखा है?" विचारतात, तर दुसऱ्यांचं काय सांगावं! शाळा बंद पडली. निरोपाला सगळ्यांना भिंतीवरची घड्याळं दिली. वहिनीने घड्याळ परत केलं आणि स्वतःची लाठी मागून आणली.

त्या लाठीलाच ती दरवर्षी गुढी बांधायची. "वर्षभर कोपऱ्यात उभी असते, एक दिवस तरी मिरवू दे तिला," म्हणायची.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ प्रभाकर, अगदी उलट्या स्वभावाचा. रेल्वेच्या कचेरीत जन्म गेला, कधी कुणाला अरे म्हटलं नाही. त्याच्याकडे एकच ऐट होती, आवाज. पहाटे बाल्कनीतल्या तुळशीला पाणी घालताना भूपाळी म्हणायचा, तर खालच्या मजल्यावर मी आणि समोरचे अप्पाराव त्यावर उठायचो. अप्पाराव तेलुगू, एक शब्द कळत नाही, पण दादा गावाला गेला की म्हणायचे, "अलार्म किधर गया?" वहिनी तोंडाने कधी कौतुक करायची नाही. फक्त दादा गायला लागला की कुकर चढवायचा थांबायची. शिट्टीने सूर मोडतो म्हणून.

आता तो पाडवा. आमच्या बिल्डिंगमधे पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, त्यामुळे दिवसभर दारं सताड उघडी. अप्पारावांकडून उगादी पच्चडीची वाटी येते, चिंच-गूळ-कैरी-कडुनिंबाचा मोहोर असं सगळं एकत्र कालवलेलं. आमच्याकडून श्रीखंड जातं. वाटी रिकामी परत करायची नाही हा दोन्ही घरांचा हट्ट, म्हणून ती वाटी संध्याकाळपर्यंत जिना चढत-उतरत राहते. मी वरच होते, दादाच्या स्वयंपाकघरात, पुऱ्यांची कढई घासत. दारावर थाप पडली. वहिनी बाल्कनीतून ओरडली, "आवो आवो, दरवाजा खुलाच है! खाली हात नक्को जाना आं!"

तिला वाटलं, अप्पारावांची बायको असणार. दुसरं कोण असणार पाडव्याला?

वहिनी त्या वेळी गुढी उतरवत होती. सूर्य मावळायच्या आत उतरवायची असते ना. हळदकुंकू वाहून झालं होतं, साखरेची गाठी काढून तिने दादाच्या हातात दिली होती. काठी सुतळीतून सोडवून हातात घेतली होती आणि वर तांब्या आणि आमच्या आईचं जरीचं लुगडं अजून तसंच होतं.

आत आले ते तिघे पुरुष. साधे कपडे, पायात चपला-बूट तसेच. "समीर किधर है?" दादा गाठी हातात घेऊन पुढे झाला. "कौनसा समीर? ऊपर एक समीर रहता था, वो तो दिवाली में—" तेवढंच बोलला. पुढच्या आडदांडाने त्याला भिंतीवर दाबला आणि कोपरापासूनचा हात त्याच्या गळ्यावर आडवा रेटला. आपण पोलीस आहोत असं कुणी म्हणालं नाही. कागद नाही, कार्ड नाही. मला वाटलं, दरोडेखोर. दादाचे पाय फरशीवर घासायला लागले, गाठी खाली पडून बत्ताशांचा चुरा झाला, आणि त्याच्या गळ्यातून कट्कन असा आवाज आला. तो आवाज मी अजून विसरले नाही. डोळे पांढरे झाले होते हो त्याचे!

"सोड!" वहिनी ओरडली. मग "छोड रे, मर जारै बुढ्ढा!" त्याने मान वळवून पाहिलं आणि आणखी जोर लावला.

एकच दिला तिने. कोपरावर. तांब्या उडून ठण्णकन कपाटावर आदळला, लुगडं फडफडत खाली आलं, त्या माणसाचा हात लुळा पडला आणि दादा भिंतीवरून घसरत खाली बसला. तो माणूस गुरासारखा बोंबलत होता. आणि तेव्हा, तेव्हा हो, मागच्याने खिशातून कार्ड काढलं. "पोलीस! पोलीस!"

वहिनीची लाठी पुन्हा वर गेलेली मी पाहिली. तिची ती पवित्र्यातली उभी राहण्याची तऱ्हा मला ठाऊक आहे, शाळेच्या गॅदरिंगला कितीदा पाहिलीय. दुसरा फटका नडगीवर असतो. मी मनात म्हटलं, हाण! पण तिने लाठी हळूच खाली टेकवली आणि दादाजवळ बसली.

पुढचं काय सांगू? चोराच्या उलट्या बोंबा. दादा दवाखान्यात आणि वहिनी ठाण्यात. सरकारी नोकरावर हल्ला, त्याचं हाड मोडलं, कामात अडथळा आणला. समीर नावाचा जो भाडेकरू कसल्याशा फसवणुकीत हवा होता, तो वरचा मजला सोडून कधीच गेला होता. त्याचं कुणी नावही काढलं नाही. गुढी जप्त झाली, मुद्देमाल म्हणून. पंचनाम्यात तिचं वर्णन काय, तर बांबूची लाठी, टोकाला धातूचा जड गोळा बसवलेला, ओळखू येऊ नये म्हणून कापडात गुंडाळलेला. आमच्या आईचं लुगडं म्हणजे हत्यार झाकायचं फडकं! माझ्या पायाची आग मस्तकात गेली. तांब्याला जड गोळा म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांनी कधी तांब्याने पाणी प्यायलं नसेल का?

जामीन झाल्यावर आम्ही भगवंतरावांकडे गेलो. आबिड्सला पोस्टाच्या मागच्या गल्लीत बसतात, जुने मराठी वकील, आमच्या वडिलांच्या ओळखीतले. आधी चहा, मग कायदा.

"वर्दीवर हात उचलायचाच नाही असं लोक म्हणतात," भगवंतराव म्हणाले, "ते अर्धंच खरं आहे. नीट ऐका, ताईसाहेब. पोलीस आपलं काम म्हणून, प्रामाणिकपणे आला, आणि त्याची जराशी चूक झाली, म्हणजे भलत्यालाच पकडलं, कागद नीट नाही, तर त्याच्याशी मारामारी करायची नाही. मुकाट्याने जायचं, मग कोर्टात भांडायचं. पण जीव जाईल किंवा जबर इजा होईल अशी रास्त भीती वाटली, तर तिथे स्वतःला आणि दुसऱ्यालाही वाचवायचा हक्क आहे. समोर पोलीस असला तरी. आणि तो पोलीस आहे हे माहीतच नसेल, कळायला मार्गच नसेल, तरीही हक्क आहे."

"मग सुटलेच की मी," वहिनी म्हणाली.

"थांबा. हक्क वाचवण्यापुरता. धोका टळला की हक्कही संपला. त्यानंतरचा एक फटका म्हणजे सूड. सुडाला कायद्यात जागा नाही. म्हणून आजपासून राग गिळायचा. कोर्टात तुम्ही घाबरलेल्या म्हाताऱ्या बाई आहात."

"मी म्हातारी नाही, आणि घाबरले मी दादांसाठी," वहिनी म्हणाली. ती माझ्यादेखत नवऱ्याला दादाच म्हणते, आमच्या घरात तशी सवय पडलीय. "राग गिळायचा कसा ते सांगा."

भगवंतरावांनी आणखी एक चहा मागवला.

दादा घरी आला तो आवाजाशिवाय. गळ्यातली कूर्चा मोडली होती. डॉक्टर म्हणाले, बोलता येईल, पण एवढंच. एवढंच म्हणजे वारा सुटल्यासारखं काहीतरी, कान तोंडाशी न्यावा तेव्हा कळणारं. पहिल्या दिवशी पहाटे तो तुळशीपाशी उभा राहिला, तोंड उघडलं, आणि नुसती हवा आली. परत आत येऊन पांघरूण घेऊन झोपला. तेव्हापासून वहिनी त्या वेळेला मुद्दाम कुकर चढवते. शिट्टीवर शिट्टी. घरात काहीतरी आवाज हवा म्हणते. मी खाली अंथरुणात पडून ऐकते आणि त्या विजयला शिव्या घालते. मुडदा बशिवला त्याचा!

मग समेट घेऊन माणूस आला. सरळ होतं. वहिनीने लेखी माफी मागायची, आम्ही विजयवर केलेली फिर्याद मागे घ्यायची, मग त्यांच्याकडून साक्षी ढिल्या पडतील. नाही तर काय? शिक्षा झाली तर तुरुंग, आणि या वयात. आमचा गिरीश, दादाचा मुलगा, बंगलोरहून रोज फोन. "आई, प्लीज, एक सॉरीच तर आहे. कशाला परेशान होते?" दादानेही तिच्याकडे हात जोडले. खरंच जोडले. त्याला भांडण सोसतच नाही. मला वाटलं, आता वाकते ही. नवऱ्याच्या जोडलेल्या हातांपुढे कोण टिकणार?

"तुम्ही भूपाळी म्हणा," ती दादाला म्हणाली. "उद्या सकाळी. म्हटलीत तर मी माफी लिहून देते."

दादाने हात खाली घेतले. तो माणूस आल्या पावली परत गेला.

केस चालली तशी वहिनीची तब्येत सुधारत गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. प्रत्येक तारखेला ती लवकर उठायची, इस्त्रीची साडी, आणि कोर्टात अशा जागी उभी राहायची की विजयला तिच्याकडे बघावंच लागेल. त्याचा हात कोपरात वाकडाच राहिला होता. सलाम करताना पूर्ण वर जात नसे. घरी येऊन ती मला करून दाखवायची. आम्ही दोघी नणंदा-भावजया, जन्मभर मीठ-साखरेवरून भांडलेल्या, तो वाकडा सलाम करून पोट धरून हसायचो. पाप लागलं असेल तर लागो.

पण कोर्टात रंग बरा नव्हता. विजयने शपथेवर सांगितलं, मी दारातच पोलीस म्हणून ओळख दिली, बाईंनीच आत बोलावलं. सरकारी वकिलाने तेच धरलं. "आवो आवो, दरवाजा खुलाच है," हे तो त्याच्या तेलुगू वळणाने तीनदा म्हणाला. बाई लाठी शिकवायच्या. हत्यार आधीच तयार होतं. वर बाल्कनीतून पाळत ठेवून होत्या. ऐकणाऱ्याला वाटावं आम्ही पाडवा नाही, कट केला! भगवंतरावांनी गुढी म्हणजे काय ते समजावलं, अप्पारावांना पिंजऱ्यात उभं केलं. त्यांच्या पोराला पोलीस व्हेरिफिकेशन लागणार होतं. तरी बोलले. वाटी घेऊन जिन्यात होतो, पोलीस हा शब्द मी किंकाळीनंतर ऐकला, आधी नाही. त्यांच्या बायकोने घरी जाऊन त्यांची दृष्ट काढली.

तरीही कोडं उरलंच होतं. लाठी शिकलेली बाई, रागाने पेटलेली, तिने बचाव केला की बदला घेतला?

"आरोपीने पिंजऱ्यात जाऊन साक्ष द्यायची सक्ती नाही," भगवंतराव म्हणाले. "तुम्ही गप्प राहा. तुमची जीभ मला माहीत आहे."

"दादा बोलू शकत नाहीत," वहिनी म्हणाली. "मीही गप्प बसू? मग त्यानेच सगळं बोलावं?"

गेली ती. सरकारी वकील गोडीत आला. तिला तेलुगू येतं, पण चिडली की ती हैदराबादी हिंदीतच बोलते. त्याने विचारलं, पहिल्या फटक्यानंतर साहेबांचा हात लुळा पडला, बरोबर? बरोबर. लाठी तुमच्या हातात होती? होती. तुम्ही ती परत उचलली? उचलली. भगवंतरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग तो वकील तिच्या अगदी जवळ गेला आणि हळूच म्हणाला, "सच बोलो अम्मा. और मारना था ना?"

मला वाटलं, नाही म्हण. अगं नाही म्हण ना!

"हौ," वहिनी म्हणाली. "मारनाच था. अब्बी बी है."

सरकारी वकील हसला. त्याला वाटलं, आलं हातात. आणि तिथेच त्याने चुकून पुढचा प्रश्न विचारला, जिंकलेल्या माणसाची खुमखुमी असते ना ती.

"फिर मारे क्यूं नहीं?"

"उन्ने गला छोड दिया था ना," वहिनी म्हणाली.

जज्जसाहेबांनी मान वर केली. भगवंतरावांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि मग दिवसभर काढलाच नाही. त्यांना जे समजावायला मोठमोठे निवाडे वाचून दाखवायचे होते, ते आता वाचायची गरज पडली नाही.

निकालात तेच आलं. हे पोलीस आहेत हे बाईंना कळायला मार्ग नव्हता. आणि कळलं असतं तरी, गळा असा आवळलेला असताना नवऱ्याचा जीव जातो ही भीती रास्तच होती. गरजेपुरतं बळ वापरलं, आणि धोका सरताच थांबल्या. निर्दोष. मी कोर्टातच रडले. गिरीशने फोनवर हंबरडा फोडला. वहिनी मात्र बाहेर आली ती तडक व्हरांड्यात उभ्या असलेल्या विजयसमोर. मला वाटलं, आता हिला परत आत टाकतात.

"मेरा हो गया," ती म्हणाली. "अब तुम्हारा."

त्याने टोपी घालायला हात वर नेला आणि तो नेहमीसारखा अर्ध्यातच थांबला.

आमची त्याच्यावरची फिर्याद इतके दिवस अडगळीत पडली होती. आता ती पुढे सरकली. अपिलाची मुदत गेली, सरकारने अपील केलं नाही, आणि कोर्टाच्या कचेरीतून सांगावा आला, तुमच्या वस्तू घेऊन जा. त्या दिवशी दादा स्वतः आला. निकालालाही आला नव्हता, पण त्या दिवशी आला. घरून निघताना आईच्या वेळची कापडी पिशवी इस्त्री करून घेतली होती त्याने, लुगड्यासाठी.

कारकुनाने सगळं टेबलावर मांडलं. लाठी, तिला चिठ्ठी बांधलेली. तांब्याला एका बाजूला पोचा. कडुनिंबाच्या पानांचा नुसता भुगा. आणि लुगडं, धुळीने काळवंडलेलं, जर तेवढी चमकत होती. दादाने त्यावर हात फिरवला आणि काठ चेहऱ्याजवळ नेला. आई गेल्यावर तिच्या वस्तूंपैकी त्याने एवढं एकच मागून घेतलं होतं.

भगवंतराव खाकरले. "ताईसाहेब, नेणार असाल तर न्या, तुमचा हक्क आहे. पण नव्या केसमधे याच वस्तू पुराव्याला लागतील. घरी नेल्या तर उद्या तो म्हणेल, काठी बदलली, कापड बदललं. मी अर्ज करतो, त्या कोर्टाच्याच ताब्यात राहिलेल्या बऱ्या. मात्र मग किती वर्षं, ते मी सांगू शकत नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी वहिनीला अडलेलं पाहिलं. एरवी तिने एका दमात सांगितलं असतं, राहू दे म्हणून. पण तिची नजर दादाच्या हातातल्या काठावर होती. ती कारकुनाकडून पेन मागायला वळली. घरी न्यायची सही करणार होती ती. तिने त्याच्यासाठी सूड सोडला होता, खरंच सोडला होता, मला तिच्या पाठीवरूनच कळलं.

दादाने तिच्या हातावर हात ठेवला. लुगड्याची नीट चौघडी घातली, ते टेबलावर ठेवलं आणि कारकुनाकडे सरकवलं. मग तोंड उघडलं. आम्ही तिघं जवळ वाकलो.

"आधी तो," दादा म्हणाला.

त्या फाटक्या आवाजात, पण स्वच्छ म्हणाला. कारकुनालासुद्धा ऐकू गेलं.

वहिनीने रिकामी पिशवी घडी करून काखेत मारली, आणि आम्ही समोरच्या हॉटेलात चहा प्यायला गेलो.